नजर आणि नेम : डॉ. बा. शि. मुंजे यांचा सैनिकी शिक्षणाचा ध्यास

माजलगाव : सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले बीड जिल्ह्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावताना दिसतात. त्यातला एखादा निवडला जातो, प्रशिक्षण केंद्रात दाखल होतो आणि त्याच्या हाती रायफल दिली जाते. शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या किंवा शिक्षकाच्या मुलाच्या हाती सरकारने विश्वासाने शस्त्र द्यावे, ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. शस्त्र कोणी हाती धरायचे, नेम धरायला कोणाला शिकवायचे आणि कोणाला नाही, हे तेव्हा परके सरकार जातीची यादी पुढे ठेवून ठरवीत असे. या यादीविरुद्ध आयुष्यभर भांडलेल्या मराठी माणसांत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे नाव ठळक आहे. पुढे त्यांनी स्वतःच एक वेगळी रेघ ओढली. त्यामुळे त्यांचे चरित्र सरळ गौरवगाथा म्हणून लिहिता येत नाही आणि ते टाळूनही पुढे जाता येत नाही.

मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील बिलासपूर येथे एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ मध्ये ते वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले आणि मुंबईतच नोकरीला लागले. त्या काळी पदवीधर डॉक्टरला स्थिर आयुष्याची हमी असे. नोकरी, पुढे स्वतःचा दवाखाना, घर, प्रतिष्ठा असा मार्ग ठरलेला होता. मुंजे यांनी तो सोडला. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा वैद्यकीय पथकातून ते तिकडे गेले. सैन्यात अधिकारी होण्याचा मार्ग त्यांच्यासारख्यांना बंद होता. रणांगण जवळून पाहण्याचा दुसरा मार्ग डॉक्टरच्या पेटीतून जात होता.

हे युद्ध नेमबाजीच्या इतिहासात वेगळे मानले जाते. बोअर हे शेतकरी होते. त्यांच्याकडे जर्मन बनावटीच्या मॉझर रायफली होत्या आणि शिकारीवर पोसलेली नजर होती. खंदकात किंवा खडकाआड पडून ते दूरवरून एकेक गोळी नेमकी सोडत. डिसेंबर १८९९ मध्ये मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्झो येथे, तर जानेवारी १९०० मध्ये स्पायॉन कॉप येथे जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या फौजेला या शेतकऱ्यांनी नमविले. त्याच सुमारास ब्रिटिश लष्कराला आणखी एक धक्का बसला. राखीव साठ्यातील नव्या ली एनफिल्ड रायफलींच्या साईट चुकीच्या बसविल्या गेल्याचे उघड झाले. पाचशे यार्डांवर नेम धरला की गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जात असे. माणसाच्या छातीवर नेम धरावा आणि गोळी त्याच्या शेजारून निघून जावी, असा हा प्रकार.

अठरा इंच ही चूक मोठी वाटते, पण तिचे मूळ किती बारीक असते ते समजून घेण्यासारखे आहे. रायफलीला दोन साईट असतात. डोळ्याजवळ मागची, तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच किंवा बारीक छिद्र असते. नळीच्या टोकाला पुढची, जिला आपल्याकडे माशी म्हणतात. मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये माशीचे टोक आणि त्या टोकावर लक्ष्य, अशी एक रेघ जुळली की नेम धरला असे म्हणायचे. लष्करातील जुने लोक याला शिस्त घेणे म्हणत. दोन साईटमधील अंतर जेमतेम अर्धा मीटर आणि लक्ष्य शेकडो मीटरवर, म्हणून इथली केसाएवढी चूक तिथे हातभर होते. पाचशे यार्डांवरील ती १८ इंचांची चूक रायफलीवर मोजली तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. पहिल्या महायुद्धात भारतीय शिपायांनी वापरलेल्या आखूड ली एनफिल्ड रायफलीवर माशी एक मिलिमीटर बाजूला राहिली तर तीनशे यार्डांवर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक चुकते.

त्यात अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. नवा शिपाई साहजिकच लक्ष्याकडे टक लावून पाहतो आणि माशी धूसर होते. प्रशिक्षकाचे पहिले काम त्याची ही सवय मोडण्याचे असते. माशी स्वच्छ दिसली पाहिजे, लक्ष्य किंचित अस्पष्ट दिसले तरी चालते, हे त्याच्या अंगवळणी पाडावे लागते. चाळिशी उलटली की जवळचे दिसेनासे होते, तेव्हा मागची खाचच पुसट होते. म्हणून पुढे दुसऱ्या महायुद्धातील रायफलींना मागे खाचेऐवजी छिद्र आले. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

डोळ्याचे हे शास्त्र डॉ. मुंजे यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आफ्रिकेतून परतल्यावर ते नागपुरात स्थायिक झाले आणि त्यांनी नेत्रवैद्य म्हणून नाव कमावले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. नेत्रचिकित्सेवर त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या शल्यविशारदाने संस्कृतात ग्रंथ रचावा, यातच त्यांच्या स्वभावाचे दोन पदर दिसतात. आधुनिक विद्या घ्यायची, पण तिला आपल्या परंपरेचे वस्त्र चढवायचे. घोडेस्वारी आणि शिकार यांची त्यांना आवड होती.

राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांच्या बाजूला होते. नागपुरातील तरुण केशव बळीराम हेडगेवार यांना वैद्यकीय शिक्षणासाठी १९१० मध्ये कलकत्त्याला पाठविण्यात त्यांचाच पुढाकार होता. टिळक १९२० च्या १ ऑगस्टला गेले. त्या वर्षअखेरीस नागपूरला भरणाऱ्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद अरविंद घोष यांनी स्वीकारावे म्हणून मुंजे आणि हेडगेवार पाँडिचेरीला जाऊन आले. अरविंदांनी नकार दिला. नागपूर अधिवेशनात गांधीजींच्या असहकारावर शिक्कामोर्तब झाले आणि मुंजे यांची वाट काँग्रेसच्या मुख्य प्रवाहापासून हळूहळू दूर होत गेली. अहिंसेवर त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. १९२७ पासून दहा वर्षे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष होते.

त्यांच्या सैनिकी शिक्षणाच्या आग्रहामागे काय होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८५७ च्या उठावाने ब्रिटिशांचा भारतीय शिपायावरील विश्वास उडाला. तोफखाना, काही पहाडी तुकड्यांचा अपवाद सोडला तर, भारतीयांच्या हातून काढून घेण्यात आला. रायफलींच्या बाबतीत तर एक न लिहिलेला नियमच झाला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी हेन्री मिळाली तेव्हा भारतीय पलटणींना जुनी स्नायडर, गोऱ्यांना ली मेटफर्ड आली तेव्हा भारतीयांना मार्टिनी. शिपाई नेहमी एक पिढी मागे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातील बंदूक परवान्याच्या बेडीत अडकली.

पुढे लढवय्या जातींचा सिद्धांत आला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती होते आणि उत्तरेतील काही मोजक्या जातीजमातीच खऱ्या लढवय्या, अशी त्यांची पक्की समजूत होती. या समजुतीचा सर्वांत कडू घास महाराष्ट्राने गिळला. मुंबई लष्करात पिढ्यानपिढ्या लढलेल्या महार समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच लष्करातले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी झाली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये तीही गेली. मराठ्यांच्या पलटणी टिकल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची एक रेजिमेंट झाली आणि बेळगाव तिचे केंद्र बनले. पण दख्खनचा मोठा समाज, सुशिक्षित असो वा श्रमिक, रायफलीपासून लांबच राहिला. गंमत अशी की सैनिकांना नेमबाजी शिकविणाऱ्या सरकारी शाळा मात्र आपल्याच परिसरात होत्या. एक साताऱ्यात होती, दुसरी मध्य प्रांतातील पचमढीला. चांदमारीचे आवाज गावाला ऐकू येत, पण आत प्रवेश नव्हता.

मुंजे यांचा युक्तिवाद असा होता की स्वराज्य मिळाले आणि त्याचे रक्षण करणारे सैन्य आपले नसले तर ते स्वराज्य टिकणार नाही. सैन्य आपले व्हायचे तर अधिकारी आपले हवेत, आणि अधिकारी हवे असतील तर शाळकरी वयापासून कवायत, घोडेस्वारी आणि नेमबाजी शिकविली पाहिजे. मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय त्यांनी लावून धरला. नागपुरात त्यांनी रायफल असोसिएशन काढली. शहरी मध्यमवर्गातील कारकून, वकील आणि विद्यार्थी यांनी जमिनीवर पालथे पडून दस्ता खांद्याला लावावा, श्वास रोखून हळुवार चाप दाबावा, ही कल्पना तेव्हाच्या नागपूरकरांना विचित्र वाटली असेल. मुंजे यांना मात्र तीच शाळा वाटत होती.

१९३० च्या अखेरीस लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. मुंजे तिला गेले आणि संरक्षणविषयक उपसमितीवर त्यांची नेमणूक झाली. या समितीत महंमद अली जिनाही होते. सैन्यातील अधिकारीवर्गाचे भारतीयीकरण लवकर व्हावे, या मुद्द्यावर राजकारणात एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले हे दोघे एकाच बाजूने बोलत होते. इंग्रजांना लष्कराच्या चाव्या सोडायच्या नव्हत्या. १९१८ पासून दरवर्षी फक्त दहा भारतीय तरुणांना सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात जागा मिळत. लेफ्टनंट जनरल स्कीन यांच्या समितीने भारतातच असे महाविद्यालय १९३३ पर्यंत काढण्याची शिफारस १९२६ मध्ये केली होती आणि ती बासनात पडली होती. गोलमेज परिषदेने तिला पुन्हा वाट करून दिली. १९३१ मध्ये सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डॉ. मुंजे तिचे सदस्य झाले.

समितीने जुलै १९३१ मध्ये अहवाल दिला. वर्षाला साठ विद्यार्थी, ही संख्या भारतीय सदस्यांना तोकडी वाटत होती आणि त्यावरून वाद झाला. तरीही १ ऑक्टोबर १९३२ रोजी देहरादूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. त्यातलेच एक सॅम माणेकशॉ, पुढे १९७१ च्या युद्धातील लष्करप्रमुख. मुंजे यांच्या आयुष्यातील ही सर्वांत भरीव गोष्ट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती त्यांच्या एकट्याची नव्हती. पण एक नागरी डॉक्टर, ज्याला सैन्यात शिपाई म्हणूनही कोणी घेतले नसते, तो सरसेनापतीसमोर बसून अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची वाटाघाट करीत होता.

गोलमेज परिषदेहून परतताना ते युरोपात फिरले. मार्च १९३१ मध्ये इटलीत त्यांनी शारीरिक शिक्षणाची आणि लष्करी शिक्षणाची विद्यालये पाहिली, बालिल्ला या फॅसिस्ट बालसंघटनेची कवायत पाहिली आणि १९ मार्च रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली. बालिल्लाची मुले लहान आकाराच्या खऱ्याखुऱ्या रायफली खांद्यावर घेऊन चालत. मुंजे या दृश्याने भारावले आणि आपल्या दैनंदिनीत त्यांनी ते कौतुकाने नोंदविले. या संघटनेतील शिस्त त्यांना दिसली. त्या शिस्तीमागचे राज्य विरोधकांना तुरुंगात टाकते, मुलांच्या हाती रायफल देताना त्यांच्या डोक्यातील प्रश्न काढून घेते, हे त्यांना दिसले नाही किंवा महत्त्वाचे वाटले नाही. नेम धरताना माशी स्पष्ट आणि लक्ष्य धूसर दिसते तसेच काहीसे येथे घडले. चार वर्षांनी इटलीने ॲबिसिनियावर हल्ला केला, तेव्हा ते लक्ष्य साऱ्या जगाला दिसले.

नाशिकची शाळा या प्रवासानंतरची. १९३५ मध्ये मुंजे यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. परिसराला रामभूमी हे नाव दिले. वयाच्या पासष्टीत असलेला हा माणूस संस्थानिक आणि धनिक यांच्याकडे देणग्यांसाठी फिरत होता. सरकारी मान्यता मिळावी म्हणून गव्हर्नरांपासून लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता. शाळेच्या योजनेत त्यांनी भाषा मवाळ ठेवली नव्हती. युद्धाचे शिक्षण म्हणजे शत्रूला मारण्याचे आणि स्वतःची हानी कमी ठेवून जिंकण्याचे शिक्षण, हे त्यांनी उघडपणे लिहिले. आजच्या संस्थाचालकांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांच्या तुलनेत हा रोखठोकपणा उठून दिसतो, आणि अंगावरही येतो.

शाळेत मुलांना कवायत, घोडेस्वारी आणि नेमबाजीचे धडे मिळत. अशा शाळांत सुरुवात पॉइंट टू टू म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलीने होते. तिचा धक्का खांद्याला जाणवत नाही, आवाज कमी आणि काडतूस स्वस्त. मुलाला आधी रिकाम्या रायफलीवर नेम धरायला, मग चाप दाबताना माशी हलू न द्यायला शिकवितात. त्यानंतर पाच गोळ्या. त्या लक्ष्याच्या मध्यभागी लागल्या की नाही, हे आधी पाहत नाहीत. पाचही एकमेकींजवळ पडल्या का, ते पाहतात. गोळ्या एका ठिकाणी पण बाजूला पडल्या तर दोष साईटचा, तो किल्लीने दुरुस्त होतो. गोळ्या विखुरल्या तर दोष माणसाचा, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

मुंजे यांच्या कार्यातील पेच मात्र येथेच आहे. सरकारच्या जातीच्या यादीला ते अन्याय म्हणत होते आणि तो अन्यायच होता. पण त्यांनी काढलेल्या संस्थेच्या नावातच धर्माची रेघ होती. हिंदू समाजाचे सैनिकीकरण हे त्यांचे उघड उद्दिष्ट होते आणि त्या काळच्या हिंदू-मुस्लिम तणावाची सावली त्यावर पडलेली होती. देहरादूनला त्यांनी ज्या अकादमीसाठी प्रयत्न केले, तिच्या पहिल्याच तुकडीत पारशी माणेकशॉ यांच्याबरोबर पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख झालेले महंमद मुसा आणि ब्रह्मदेशाचे लष्करप्रमुख झालेले स्मिथ डन होते. देहरादूनचा वर्ग आणि नाशिकचा वर्ग यांच्यामागे एकाच माणसाची खटपट होती, आणि त्या दोन वर्गांची व्याख्या वेगळी होती. त्यांच्या चाहत्यांनी देहरादूनपेक्षा नाशिकच अधिक लक्षात ठेवले, टीकाकारांनी रोम लक्षात ठेवले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मुंजे यांनी हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचीही तीच भूमिका होती. काँग्रेसने त्यावर इंग्रजधार्जिणेपणाचा आरोप केला. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्यांच्या दृष्टीने तो आरोप पोकळ नव्हता. दुसरीकडे युद्धाच्या रेट्याने लढवय्या जातींची यादी आपोआप फाटत चालली होती. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे डॉ. आंबेडकरांचा पाठपुरावा होता. मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. त्यातील यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील लढाईसाठी मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या देशात जाऊन मुंजे बालिल्लाची कवायत पाहून आले होते, त्याच देशात फॅसिस्टांना हटविण्यासाठी मराठी शिपाई रायफल घेऊन उतरले होते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंजे यांच्या खटपटीचा येथवर थेट संबंध पोहोचला नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा उपद्रव वाढला, तेव्हा संस्थानच्या सीमेवरील कॅम्पांतून तरुणांनी बंदुका हाती घेतल्या. त्यातील बहुतेकांना नेम धरायला आधी कोणी शिकविले नव्हते. मिळेल तेवढ्या दिवसांत, मिळेल त्या शस्त्रावर त्यांना शिकावे लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत प्रश्न मिटला.

ते पाहायला डॉ. मुंजे नव्हते. मार्च १९४८ च्या प्रारंभी नाशिकला त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम महिना झाला होता, महाराष्ट्रात हिंदू महासभेविरुद्ध प्रक्षोभ होता आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी होती. त्या वातावरणात एका पंचाहत्तरीतल्या नेत्रवैद्याच्या मृत्यूची जेवढी चर्चा एरवी झाली असती तेवढी झाली नाही. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय छात्र सेनेचा कायदा केला आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या हाती, जात किंवा धर्म न विचारता, सरकारी खर्चाने पॉइंट टू टू रायफल आली. पुढे साताऱ्याला १९६१ मध्ये देशातील पहिले सैनिक स्कूल निघाले, आणि मराठवाड्यातील मुलांसाठी अधिक जवळची सोय म्हणजे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सुरू झाली. नाशिकचे भोसला स्कूल आजही चालू आहे. नागपूरच्या सीताबर्डीत मुंजे यांच्या नावाचा चौक आहे, आणि मेट्रोच्या दोन मार्गिका तेथे एकत्र येतात.